ब्लोअरचा फ्यूज वारंवार उडत असेल, तर दोष कसा शोधावा

गोव्यात मोटारीच्या ब्लोअरची खरी किंमत कळते ती पावसाळ्यात, पुढची काच धूसर झाल्यावर. फोंड्याहून पणजीकडे येताना बाणस्तारीच्या पुलाच्या आसपास जोराची सर येते, काचा वर घ्याव्या लागतात, आतल्या दमट हवेने समोरची काच बघता बघता पांढरी होते आणि नेमका त्याच वेळी ब्लोअर बंद पडतो. घरी येऊन फ्यूज पाहिला तर तो उडालेला असतो. नवा बसवला की ब्लोअर चालू होतो, चार दिवस चालतो आणि पुन्हा तेच घडते. पुष्कळ गाड्यांत फ्यूजच्या डबीच्या झाकणावर या जागेसमोर ‘हीटर’ असे छापलेले असते. आपल्याकडे हीटर लावण्याची वेळ चोर्ल्याच्या घाटातली एखादी पहाट सोडली तर सहसा येत नाही, म्हणून काहीजण त्या फ्यूजकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात हीटर आणि वातानुकूलन या दोन्हींची हवा ढकलणारा पंखा एकच असतो आणि हा फ्यूज त्याच पंख्याचा असतो.

फ्यूज का उडतो हे शोधण्यापूर्वी तो कशासाठी आहे हे नीट समजून घ्यावे, कारण पुढची सगळी तपासणी त्यावरच उभी आहे. फ्यूज मोटरच्या संरक्षणासाठी नसतो. तो वायरीच्या संरक्षणासाठी असतो. वायरीच्या जाडीला झेपेल एवढाच प्रवाह तिच्यातून जावा, त्याहून जास्त गेल्यास वायर तापून तिचे आवरण पेटण्याआधी फ्यूजची पट्टी वितळावी, एवढेच त्याचे काम आहे. गावाच्या वेशीवर राखणदार असतो तसा हा गाडीतला राखणदार समजावा. म्हणून २० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज बसवणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणे हा उपाय नव्हे. माझ्या गाडीत एका गॅरेजवाल्याने पिवळा काढून हिरवा फ्यूज बसवला होता. फ्यूज उडायचा थांबला खरा, पण महिन्याभराने ग्लोव्ह बॉक्समागचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा सांधा) वितळून मोटरच्या पिनांना चिकटलेला मिळाला. पात्याच्या, म्हणजे दोन चपट्या पायांच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक आणि ३० चा हिरवा असा रंगसंकेत असतो. आपल्या गाडीत त्या जागी किती अँपिअरचा फ्यूज असावा हे डबीच्या झाकणावर किंवा मालकाच्या पुस्तिकेत पाहावे. आधीच्या कोणी काय बसवले आहे त्यावर विसंबू नये.

फ्यूज केव्हा उडतो

माझ्या मते निम्मे निदान या एका प्रश्नात आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच प्रश्न टाळतात. फ्यूज म्हणजे ठरावीक आकडा ओलांडला की खटकन पडणारी कळ नव्हे. पात्याच्या फ्यूजमधून त्याच्या क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह गेला, तर त्याने किमान १०० तास टिकावे अशी अपेक्षा असते. १३५ टक्क्यांना तो एका सेकंदाच्या आतही उडू शकतो किंवा दहा मिनिटेही तग धरू शकतो. २०० टक्क्यांना मात्र त्याने पाच सेकंदांच्या आत उडायलाच हवे. म्हणजे २० अँपिअरचा फ्यूज २२ अँपिअरवर निवांत बसून राहील, २७ वर कदाचित पर्वरीहून म्हापशाला पोहोचेपर्यंत टिकेल आणि ४० वर जवळजवळ लगेच जाईल. यावरून हे उघड होते की, किल्ली फिरवताच उडणारा फ्यूज आणि दहा-पंधरा मिनिटांनी उडणारा फ्यूज हे दोन वेगळ्या आजारांची लक्षणे आहेत. पहिल्यात वायर कुठेतरी थेट गाडीच्या पत्र्याला टेकलेली असते, दुसऱ्यात बहुधा मोटरच जास्त प्रवाह ओढत असते.

उडालेला फ्यूज फेकून न देता उजेडात धरून पाहावा. पट्टीचा मोठा भाग नाहीसा झाला असेल आणि प्लॅस्टिकच्या खिडकीवर आतून काळपट किंवा चंदेरी शिंतोडे उडालेले असतील, तर प्रवाह प्रचंड होता, म्हणजे थेट शॉर्ट आहे असे समजावे. पट्टी मध्यभागी लहानशी तुटलेली असेल आणि खिडकी स्वच्छ असेल, तर प्रवाह थोडाच जास्त पण बराच वेळ होता. तिसरा प्रकार फसवा आहे: पट्टी मध्ये शाबूत दिसते, पण एका पायाजवळचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेले असते. तिथे प्रवाह मुळीच जास्त नसतो. फ्यूजच्या खाचेतली पकड सैल झाल्यामुळे किंवा समुद्राच्या खाऱ्या हवेने तिच्यावर हिरवट गंज चढल्यामुळे सांधा तापतो आणि त्या उष्णतेने फ्यूज अकाली जातो. बागा, कोलवा किंवा काणकोणच्या किनाऱ्यालगत वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ही शक्यता आधी तपासावी. अशा वेळी मोटर बदलून काहीही साध्य होत नाही. खाचेतला टर्मिनल बदलावा लागतो.

पुढचे चार-पाच दिवस एका वहीत नोंद ठेवावी. फ्यूज किल्ली फिरवताच उडाला की पंख्याचा नॉब फिरवल्यावर, सर्व वेगांना की फक्त सर्वांत वरच्या वेगाला, खड्ड्यातून जाताना की वळणावर, पाऊस असताना की कोरड्या दिवशीही, एसीचे बटण दाबल्यावर की नुसत्या पंख्यावर, हे लिहून ठेवावे. इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेताना ‘फ्यूज उडतो’ एवढेच सांगण्याऐवजी ही नोंद दाखवली, तर त्याचा अर्धा दिवस आणि आपले पैसे वाचतात.

साधने आणि सावधगिरी

साधा डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा एक बल्ब होल्डरसह, दोन हात लांब वायर, योग्य क्षमतेचे पाच-सहा फ्यूज, स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च एवढ्यावर बरेच काम होते. वायरीभोवती नुसता धरून एकाच दिशेचा (डीसी) प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाल्यास उत्तम. मात्र घरगुती वायरिंगवाल्यांकडचे स्वस्त क्लॅम्प मीटर अनेकदा फक्त घरातल्या विजेसारखा उलटसुलट दिशेचा प्रवाह मोजतात, ते येथे निरुपयोगी आहेत. फ्यूज सुटे न घेता नामांकित कंपनीच्या बंद पाकिटातले घ्यावेत, कारण वेळेवर न वितळणारा नकली फ्यूज हा मोठ्या फ्यूजइतकाच धोक्याचा असतो.

ब्लोअरची मोटर आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत बहुधा डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, खालच्या अंगाला असते. त्याच परिसरात प्रवाशाच्या बाजूची एअरबॅगही असते. तिच्या वायरींवर पिवळे आवरण आणि पिवळे कपलर असतात. त्यांना मीटर, बल्ब किंवा हात यांपैकी काहीही लावू नये. डॅशबोर्डमधला कोणताही भाग खोलताना बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे आणि ज्या चाचणीला वीज हवी असेल त्या चाचणीपुरतीच ती पुन्हा जोडावी. पावसाळ्यात हे काम करताना हातमोजे घालावेत. ब्लोअरच्या घरात उंदरांनी घर केलेले असणे ही इथे नवलाची गोष्ट नाही आणि उंदराच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो.

बल्बची चाचणी

दर वेळी नवा फ्यूज घालून तो उडतो का हे पाहणे महाग तर आहेच, शिवाय दर वेळी वायर थोडी अधिक भाजते. त्याऐवजी एका उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना वायरी डाक देऊन (सोल्डर करून) जोडून घ्याव्यात, दुसऱ्या टोकांना बल्बचा होल्डर जोडावा आणि तो फ्यूज खाचेत बसवावा. आता शॉर्ट असला तरी बल्ब पूर्ण पेटेल आणि प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही. वायर सुरक्षित राहील आणि दोष निवांतपणे शोधता येईल.

या चाचणीत एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी माणसेही अडकतात. मोटर जोडलेली असताना बल्ब पेटला म्हणून शॉर्ट आहे असे ठरवू नये. थांबलेल्या मोटरच्या गुंडाळीचा रोध एक ओहमपेक्षा कमी असतो, त्यामुळे बल्बच्या दृष्टीने चांगली मोटरही शॉर्टसारखीच दिसते. याच कारणाने मल्टिमीटरची ‘बीप’ चाचणीही मोटर जोडलेली असताना बीप करते आणि माणूस उगाच चांगली वायर फाडत बसतो. म्हणून आधी मोटरचा कपलर काढावा, मग किल्ली चालू करावी आणि नॉब एकेका वेगावर फिरवून पाहावा. त्याच फ्यूजवर एखादी रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा दुसरे उपकरण असेल तर बल्ब मंद लुकलुकेल. त्याची काळजी नको. तो पूर्ण प्रकाशाने पेटला तर शॉर्ट वायरीत आहे आणि मोटर निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे. सर्व वेगांना तो विझलेलाच राहिला आणि हार्नेस (वायरींची जुडी) हलवूनही पेटला नाही, तर संशय मोटरकडे वळवावा.

बल्ब पेटला तर: वायरीतला शॉर्ट

येथे परिपथाची रचना जाणून घेतल्यास शोधाचे क्षेत्र बरेच लहान होते. काही गाड्यांत फ्यूजमधून वीज आधी मोटरला जाते आणि मग रेझिस्टर (पंख्याचा वेग कमी करणारा रोध) व नॉबमार्गे अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला पोहोचते. काहींत वीज आधी नॉब आणि रेझिस्टरमधून येते आणि मोटरची दुसरी बाजू कायम अर्थला असते. आपली गाडी कोणत्या प्रकारची हे ओळखण्यासाठी किल्ली बंद ठेवून, मोटरचा कपलर काढून, हार्नेसच्या बाजूच्या दोन्ही पिनांचा पत्र्याशी असलेला रोध मोजावा. नॉब फिरवला की एका पिनेचा आकडा बदलत असेल आणि नॉब बंद असताना ती पूर्ण तुटलेली दाखवत असेल, तर गाडी पहिल्या प्रकारची आहे. एक पीन कायम शून्याजवळ असेल तर दुसऱ्या प्रकारची आहे. स्वयंचलित तापमान नियंत्रणाच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल असते. तिथे हे अनुमान लागू पडत नाही आणि मॉड्यूलच्या पिनांवर बल्ब लावून खेळही करू नये.

पहिल्या प्रकारात मोटरच्या पुढची वायर पत्र्याला टेकली तर फ्यूज उडत नाही. उलट पंखा नॉब न जुमानता पूर्ण वेगाने फिरत राहतो. म्हणून अशा गाडीत फ्यूज उडत असेल, तर शोध फक्त फ्यूजपासून मोटरपर्यंतच्या एका वायरीपुरता मर्यादित राहतो. रेझिस्टर आणि नॉब खोलण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्या प्रकारात शॉर्ट नॉबच्या पुढे असेल, तर सर्वांत वरच्या वेगाला फ्यूज ताबडतोब उडतो, पण खालच्या वेगांना रेझिस्टर मध्ये असल्यामुळे प्रवाह मर्यादित राहतो: पंखा फिरत नाही, फ्यूज टिकतो आणि रेझिस्टर मात्र भाजतो. ‘फक्त चौथ्या वेगाला फ्यूज उडतो’ ही तक्रार दुसऱ्या प्रकारच्या गाडीत ऐकू आली, तर संशय त्या वेगाच्या वायरीवर आणि मोटरच्या वायरीवर घ्यावा.

क्षेत्र निश्चित झाल्यावर बल्ब पेटता ठेवून वाटेतले कपलर एकेक करून काढत जावे. ज्या कपलरनंतर बल्ब विझतो, त्याच्या पलीकडच्या तुकड्यात दोष आहे. शॉर्ट कायमचा नसून अधूनमधून येणारा असेल, तर एकाने बल्बकडे पाहत बसावे आणि दुसऱ्याने हार्नेस हळूहळू दाबत, ओढत, वळवत पुढे जावे. डोळ्यांनी पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: इंजिनच्या बाजूने डॅशबोर्डात येताना पत्र्याच्या भोकातला रबरी ग्रॉमेट, डॅशबोर्डखालच्या आडव्या दांड्याचे ब्रॅकेट, ग्लोव्ह बॉक्सच्या बिजागरीचा परिसर आणि मोटरच्या घराचे स्क्रू. माझ्या गाडीत दोन पावसाळे छळणारा दोष अखेर एका ब्रॅकेटच्या धारेवर सापडला. मागचा कॅमेरा बसवताना कोणीतरी हार्नेस त्याच्या पकडीतून काढला होता आणि परत बसवला नव्हता. डिचोली-साखळी रस्त्यावर गाडी आदळली की तीळभर उघडी पडलेली तांब्याची तार पत्र्याला टेकत होती. बाहेरून टेप लावलेला हार्नेस अगदी ठणठणीत दिसत होता.

बाहेरून जोडलेल्या उपकरणांचा शोध मी नेहमी आधी घेतो. कॅमेरा, चार्जर, जीपीएस किंवा भाड्याच्या गाडीतला मीटर यांना वीज देताना बसवणारे अनेकदा हाताशी असलेली वायर पकडतात आणि ब्लोअरची जाड वायर त्यांना सोयीची वाटते. टोचून बसणारे निळे-लाल क्लिप हार्नेसवर दिसले, तर ते काढून ब्लोअर काही दिवस एकटाच चालवून पाहावा.

एसीचे बटण दाबताच फ्यूज उडतो अशी नोंद असेल, तर कॉम्प्रेसरच्या क्लचची गुंडाळी त्याच फ्यूजवर आहे का हे गाडीच्या वायरिंगच्या आकृतीत पाहावे. गुंडाळीचा रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो. तो बराच कमी निघाला किंवा तिच्यावरचा डायोड दोन्ही दिशांना वीज जाऊ देत असेल, तर ब्लोअर निर्दोष आहे.

बल्ब पेटला नाही तर: मोटर

कपलर जोडावा, योग्य फ्यूज बसवावा, इंजिन चालू करावे आणि फ्यूजपासून येणाऱ्या वायरीवर क्लॅम्प मीटर धरून प्रत्येक वेगाचा प्रवाह लिहावा. इंजिन चालू असणे आवश्यक आहे, कारण तेव्हा विजेचा दाब १४ व्होल्टच्या आसपास असतो आणि मोटर त्या प्रमाणात जास्त प्रवाह ओढते. नुसत्या बॅटरीवर ठीक वाटलेली मोटर रस्त्यावर फ्यूज उडवू शकते. लहान गाडीत वरच्या वेगाला साधारण १० ते १५ अँपिअर आणि मोठ्या गाडीत २० किंवा अधिक प्रवाह अपेक्षित असतो. सुरू होतानाची क्षणिक उसळी मोजू नये. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून ब्लोअर मालिकेत चालवू नये. मीटरचाच फ्यूज जाईल. क्लॅम्प मीटर नसल्यास चालू फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांमधला दाब मिलिव्होल्टमध्ये मोजावा. २० अँपिअरच्या पात्याच्या फ्यूजचा रोध सुमारे ३ मिलिओहम असतो, त्यामुळे ४५ ते ५० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १५ अँपिअर असा ढोबळ हिशेब करता येतो.

एकदाच आकडा पाहून थांबू नये. वरच्या वेगावर पंखा वीस मिनिटे चालू ठेवून दर पाच मिनिटांनी नोंद करावी. निरोगी मोटर तापल्यावर तिचा प्रवाह किंचित कमी होतो. तो चढत असेल, तर तापलेली बुश (मोटरचा दांडा जिच्यात फिरतो ती कडी) दांड्याला धरते आहे किंवा गुंडाळीच्या फेऱ्या आपसात भिडत आहेत.

मोटर खाली काढल्यावर पंखा बोटाने फिरवावा. तो मोकळा फिरून सावकाश थांबला पाहिजे. जड जात असेल, खरखर होत असेल किंवा एका बाजूला घासत असेल, तर आत पाहावे: आंब्याची वा फणसाची पाने, उंदराने आणलेला काथ्या, क्वचित एखादी सुकलेली पाल. दांड्यावर गंज आणि घरात पाण्याच्या रेघा दिसल्या, तर केवळ मोटर बदलून भागणार नाही. वायपरखालच्या जाळीत झाडाची पाने साचून पाण्याची वाट तुंबते आणि पाणी ताज्या हवेच्या तोंडातून थेट ब्लोअरवर उतरते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो हे लक्षात घेता ही वाट साफ न करता बसवलेली नवी मोटर पुढच्या चवथीपर्यंतही टिकणार नाही. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळीही त्याच वेळी फुंकून मोकळी करावी.

एका रूढ समजाबद्दल येथे लिहिणे भाग आहे. ‘फिल्टर चोंदला म्हणून मोटरवर लोड आला आणि फ्यूज उडाला’ असे निदान सर्रास ऐकू येते. या जातीच्या पिंजरा-पंख्याची हवा अडली की त्याचे काम कमी होते, तो किंचित वेगाने फिरतो आणि प्रवाह कमीच ओढतो. चोंदलेल्या फिल्टरने रेझिस्टर आणि मोटर यांना गारवा देणारी हवा कमी होते, त्यामुळे रेझिस्टर जळू शकतो, मोटरचे आयुष्यही घटते. पण आज उडालेल्या फ्यूजचा दोष फिल्टरवर टाकता येत नाही. याच कारणाने मोटर बाहेर काढून टेबलावर मोजलेल्या प्रवाहाला अर्थ नसतो. तो जागेवरच मोजावा. खराब सांध्याचेही तसेच आहे: गंज चढलेला कपलर प्रवाह वाढवत नाही, फक्त तापतो.

बुश खराब झालेल्या मोटरला तेलाचे दोन थेंब घालून काही आठवडे काढता येतात, पण मी तसे करत नाही. भंगार अड्ड्यावरची जुनी मोटर घ्यायची असेल, तर ती गाडीत बसवून वरची वीस मिनिटांची नोंद केल्यानंतरच पैसे द्यावेत, अशी बोली आधीच करावी.

दुरुस्ती आणि अखेरची चाचणी

खरचटलेल्या वायरीवर नुसती टेप गुंडाळू नये. दमट हवेत तिचा डिंक सुटतो. खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडावी, सांधा डाक देऊन किंवा सांधे दाबण्याच्या चांगल्या पकडीने (क्रिंपरने) दाबून घ्यावा आणि त्यावर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. मग हार्नेस मूळ पकडीत बसवावा आणि धारेजवळ त्यावर पन्हळी नळी घालावी. वितळलेला कपलर पुन्हा वापरू नये, मोटर नवी असली तरीही.

सर्व जोडल्यावर पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचाच फ्यूज बसवावा, पंखा वरच्या वेगावर ठेवून अर्धा तास इंजिन चालवावे, मध्येच ग्लोव्ह बॉक्स दोन-चार वेळा आपटून बंद करावा आणि फ्यूजच्या डोक्याला बोट लावून पाहावे. तो कोमट असला तर ठीक, चटका बसला तर खाचेची पकड पुन्हा तपासावी. त्यानंतर ज्या रस्त्यावर आणि ज्या हवेत फ्यूज उडत होता, त्याच रस्त्यावर तशाच हवेत गाडी नेऊन यावी आणि वहीतल्या जुन्या नोंदीखाली नव्या प्रवाहाचे आकडे तारखेसह लिहून ठेवावेत.